पातळ पॉलिमर फिल्मचा टीजी मोजताय? या चुका टाळा

"वेफर सोमवारीच साफ केलाय, चालेल की." नाही चालत. ५० नॅनोमीटरच्या फिल्मखालचा वेफर (सिलिकॉनची चकती) नुसता पाट नसतो, तो नमुन्याचाच भाग असतो. पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक) घ्या. ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर फिल्म पातळ करत गेलं की टीजी (काचेसारखं कडक पॉलिमर ज्या तापमानाला मऊ व्हायला लागतं ते) वर सरकतो, कारण साखळीतले एस्टर गट पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना हायड्रोजन बंधाने धरून बसतात. तेच पॉलिमर सोन्यावर टाका, टीजी खाली येतो. केडी, जोन्स आणि कोरी यांनी १९९४ मध्येच हे दाखवून दिलं.

तरी दृश्य तेच: यूव्ही-ओझोनने साफ केलेला वेफर प्लास्टिकच्या डबीत पडून आणि कोटिंग गुरुवारी. तोवर हवेतली तेलकट बाष्पं त्यावर बसलेली असतात. एका तुकड्यावर टीजी चढतो, दुसऱ्यावर नाही, आणि आठवडाभर खापर फुटतं पॉलिमरच्या रेणुभारावर. त्याच वेफरच्या फालतू तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकायला मिनिटही लागत नाही. पसरला, थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी कोन १० अंशांच्या आत आला, तर अर्ध्या तासात कोटिंग उरका. फुगून बसला तर पुन्हा साफ करा.

दुसरी घाई अॅनीलिंगची, म्हणजे कोटिंगनंतर फिल्म तापवून ठेवण्याची. पॉलिस्टायरीनचा नेहमीचा टीजी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास. सिलिकॉनवरच्या १० नॅनोमीटर फिल्मला तो सुमारे २५ अंशांनी घसरलेला मोजला गेलाय. पण पॉलिमर ज्यात विरघळवून कोटिंग केलं ते टॉल्युईन फिल्ममध्ये उरलं तरी टीजी घसरतोच! टॉल्युईन १११ अंशांना उकळतं म्हणून हॉटप्लेटवर दहा मिनिटं पुरतात, हा हिशेब सोडा. व्हॅक्यूम ओव्हन, १३० अंश, १२ तास. आणि सगळ्या नमुन्यांना तेवढेच, कारण टीजीच्या वर साखळ्या हळूहळू पृष्ठभागाला चिकटत जातात आणि तो थर वाढला की फिल्मचं वागणं बदलतं. बघायचंच असेल तर एक नमुना ताज्या टॉल्युईनमध्ये दहा-दहा मिनिटं तीनदा बुडवा. धुऊनही एलिप्सोमीटरला (प्रकाशाने फिल्मची जाडी मोजणारं यंत्र) जे काही नॅनोमीटर दिसतात, तो हाच चिकटलेला थर. वहीत "रात्रभर" लिहू नका, तास लिहा.

अॅनीलिंगनंतर मायक्रोस्कोपखाली भोकं दिसली तर फिल्म फेका.

मोजणी थंड करताना, मिनिटाला २ अंशांनी. पहिल्या तापवणीच्या आलेखावर टीजी काढू नये.

२० नॅनोमीटरच्या खाली जाडी आणि अपवर्तनांक एकदम फिट करू नका. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण ते खरं नसतं. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९ धरून जाडी काढा, टीजीसाठी थेट साय-डेल्टामधला (एलिप्सोमीटर मोजतो ते दोन कोन) बाक बघा.

आणि वेफर साफ करायला पिरान्हा (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) वापरत असाल तर अॅसिटोनने ओला वेफर त्यात कधीच नाही. स्फोट होतो.