सातबाऱ्यावर पाच नावं आणि आमचे तेरा तंबू

आमची भिशी 26 जणींची. धनकवडीतल्या एका सोसायटीत सुरू झालेली, दर महिन्याला कुणाच्या तरी घरी साबुदाणा वडा आणि त्याच त्या गप्पा. सहा वर्षांपूर्वी एकजण म्हणाली, एकदा तरी उघड्यावर झोपायचंय, नवरा-मुलं-सासू कुणीच नको. तिथून हे सुरू झालं. रिसॉर्टवाल्यांचे माणशी दर ऐकले आणि ठरवलं, की शेतकऱ्याची जागा दोन रात्रींसाठी आपणच घ्यायची. मी तीस वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली, त्यामुळे कागदांचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एवढं करूनही पहिल्या वर्षी मी माती खाल्ली.

भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला दीड एकराचं वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. मधोमध आंबा, खाली भाताची खाचरं. थोरल्या भावाशी बोलणं झालं, पैसे दिले, तंबू लागले. दुसऱ्या रात्री नऊ वाजता त्याच्या धाकट्या भावाने ट्रॅक्टर आणून वाटेवर आडवा लावला, दिवे आमच्या तोंडावर. ‘माझ्या हिश्श्यात खुंट्या कुणाला विचारून ठोकल्या?’ माणूस चुकीचा नव्हता. सातबाऱ्यावर पाच नावं होती आणि मी एकालाच विचारलं होतं. बँकेत हीच चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर मी फाइल परत पाठवली असती.

म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून. गट नंबर विचारून घ्या आणि उतारा सरकारच्या महाभूलेख साइटवर स्वतः बघा. बघायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. मालकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तीन फेरफार, म्हणजे नोंदीतले तीन बदल, जुना असू शकतो. उताऱ्यावर तीन गोष्टी बघायच्या. भूधारणा ‘भोगवटादार वर्ग-1’ आहे का. वर्ग-2 असेल तर त्या जमिनीवर सरकारी अटी असतात, सरळ दुसरी जागा शोधा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचं, नाव किंवा कोर्टातल्या दाव्याची नोंद आहे का. गावातल्या विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक शेतकऱ्यांच्या उताऱ्यावर असतो आणि दोन रात्रींच्या तंबूंशी त्याचा संबंध नाही. आणि खातेदार किती, ते मोजा.

जागा ‘सगळ्या गावाची’ आहे असं कुणी सांगितलं तर जास्तच सावध व्हा. गायरान म्हणजे सरकारी जमीन, गावाच्या गुरांसाठी राखलेली. सरपंचांनी मान डोलावली म्हणून ती भाड्याने मिळत नाही. धरणाच्या कडेचं पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेराची जमीन जलसंपदा खात्याची. तंबूच्या दारात पाणी, असे फोटो दाखवून तीच जागा ‘आपलीच आहे’ म्हणून पुढे करणारे भेटतात. तिथे आपण भाडं भरूनही घुसखोर ठरतो.

आता सह्या. आमच्या जागेचे हिस्सेदार तीन भाऊ आणि दोन बहिणी. बहिणींचं नाव काढलं की घरातले पुरुष म्हणतात, ‘त्यांचं काय, त्या कुठे येतात?’ येवोत न येवोत, उताऱ्यावर नाव आहे तर सही लागते. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा 1994 मध्येच दिला, केंद्राच्या कायद्याच्या अकरा वर्षं आधी. तरी हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्यापलीकडे बहिणीला कुणी विचारत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी दोघींना फोन केले. एक सासवडला, एक कल्याणला. कल्याणच्या आत्यांना (सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं) आधी वाटलं, जमीन विकायला काढली. मग हसल्या आणि म्हणाल्या, ‘सही देते, पण मलाही तंबू द्या.’ लग्नानंतर एकेचाळीस वर्षांत त्या स्वतःच्या रानात रात्री राहिल्या नव्हत्या. आता दरवर्षी येतात. आंब्याखालची जागा त्यांची.

भाडं दोन रात्रींचं 12,500 ठरलं. आणेवारी, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा, सारखी, म्हणून प्रत्येकी 2,500, पाच वेगवेगळ्या खात्यांत. थोरल्याच्या हातात गठ्ठा देऊन ‘तुम्ही वाटा’ म्हणू नका. भावकीतल्या जुन्या भांडणाला आपण नवं निमित्त देतो. सासवडच्या ताईंनी नंतर कळवलं की माहेरच्या जमिनीचे पैसे त्यांच्या खात्यात पहिल्यांदाच आले.

लेखी कागदाला शेतकरी बिचकतो, आणि त्याला कारण आहे. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं मालक झाली, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक घराने आजोबांकडून ऐकलेली असते. कुणाची जमीन आली, कुणाची गेली. तुम्ही ‘भाडेपट्टा’ म्हणालात की समोरच्याच्या डोळ्यांपुढे कूळ उभं राहतं. म्हणून तो शब्दच वापरू नका. कागदाचं नाव ‘तात्पुरत्या वापराची परवानगी’. कायद्याच्या भाषेत लायसन्स, ईझमेंट ॲक्टच्या 52 व्या कलमातलं. त्यात तारखा, आत यायची आणि बाहेर पडायची वेळ, गट नंबर, किती तंबू, किती बायका, भाडं, अनामत, आणि हे वाक्य जसंच्या तसं: ‘या परवानगीमुळे वापरणाऱ्यांना सदर जमिनीवर कूळ म्हणून, ताब्याचा वा वहिवाटीचा कोणताही हक्क प्राप्त होणार नाही.’ ते मोठ्याने वाचून दाखवा. मी वाचलं तेव्हा थोरल्याने पहिल्यांदा चहा मागवला. आता स्टॅम्पपेपर 500 रुपयांचा लागतो, नोटरीचे वेगळे. वाटेचाही उल्लेख करा, कारण पुष्कळदा शेतापर्यंतची वाट तिसऱ्याच्याच बांधावरून जाते.

ग्रामपंचायतीला एक पत्र, पोलीस ठाण्यात एक अर्ज, दोन्हींच्या पोच घ्यायच्या. पोलीस पाटलांना मात्र प्रत्यक्ष भेटा, गावात काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. जत्रेची तारीख त्यांनाच विचारा. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हा नियम आहेच, आम्ही तर तो आणतच नाही.

जेवण गावातल्या बचत गटाला द्या. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, खरडा. आपण स्टोव्ह-सिलेंडर नेण्याची हौस करतो, पण गावातल्या दहा बायका दिवसभर जाग्यावर असणं ही जी राखण आहे ती विकत मिळत नाही. अंधार पडल्यावर जागेवर पुरुष नाही, हे शेतकऱ्याच्या घरच्यांशी आधीच ठरवायचं. पंप बंद पडला तरी निरोप थोरल्या वहिनींना, त्या ज्याला पाठवतील तो हाक मारून येईल. रात्री दोघी-दोघी जागतो, दोन-दोन तास. आणि जागेचा फोटो स्टेटसला घरी परतल्यावरच.

संडासाबद्दल कुणी लिहीत नाही, पण सगळा कॅम्प त्यावरच तरतो किंवा बुडतो. 26 जणींना दोन रात्रींसाठी चार खड्डे. लांबी दोन फूट, रुंदी एक, खोली तीन. विहीर आणि ओढ्यापासून शंभर फूट लांब, उताराच्या खालच्या बाजूला. दोन गड्यांची एका दिवसाची मजुरी. शेजारी राखेची पाटी आणि एक तांब्या, गेल्यावर ओंजळभर राख टाकायची. आडोशाला आम्ही हिरवी शेडनेट लावली होती. दिवसा छान. रात्री आत बॅटरी लागली आणि बाहेरच्या सगळ्यांना सावल्यांचा खेळ दिसला. तेव्हापासून जाड ताडपत्री. पॅड खड्ड्यात नाही, कागदी पिशवीत, आणि ती पिशवी पुण्याला परत.

पाणी प्यायचं वीस लिटरचे जार, बाकीचं शेजारच्या बोअरवरून, त्याचे पैसे वेगळे आणि आधी. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

विंचवाकाट्यांची भीती सगळ्यांना असते, मण्यारीची कुणाला नसते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा दुखतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून चेन पूर्ण बंद होणारेच तंबू, चेन रात्रभर लावलेली, चपला आत. तंबूखाली भाताचा पेंढा घालायचा मोह होतो. मऊ लागतो खरा, पण उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. जाण्याआधी ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा, सर्पदंशाची लस आज शिल्लक आहे का. एक गाडी तोंड रस्त्याकडे करून, किल्ली ठरलेल्या जागी. 108 ला रेंज कुठून लागते तेही बघून ठेवा. आमच्याकडे बांधावरच्या तिसऱ्या दगडावर उभं राहावं लागतं.

शेकोटीचं लाकूड शेतकऱ्याच्या घरून विकत घ्या, रानातलं तोडू नका. चारी बाजूंनी दहा फूट गवत काढून, खड्ड्यात, पाण्याचे दोन पिंप भरून. जानेवारी सरला की गवत वाळतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या पुढे तारीख ढकलत नाही.

निघताना खड्डे बुजवा, खुंट्या मोजा. राहिलेली एक खुंटी नांगराला लागली तर पुढच्या वर्षी जागा विसरा. खाचराच्या बांधाचे फोटो येताना काढलेले असतील तसेच जातानाही काढा, पाचही जणांना पाठवा, मग अनामत परत घ्या. आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथेच बोलून टाका, कारण भात निघाल्यावर खालच्या खाचरात हरभरा टाकायचा की आमच्या गाड्यांसाठी ते मोकळं ठेवायचं, हे त्यांना दिवाळीच्या आत ठरवावं लागतं.