अलॉय व्हील घेताना या चुका टाळा: पीसीडी ‘जवळपास’ जुळून चालत नाही

अजिबात न बसणारं चाक दुकानातूनच परत जातं, त्यामुळे त्याचा त्रास फारसा नसतो. घात करतं ते जवळपास बसणारं चाक. नट आवळले जातात, गाडी रस्त्याला लागते आणि गडबड कळते ती स्टेअरिंग थरथरायला लागल्यावर किंवा एखादा नट गळून पडल्यावर.

पीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ४×१०० म्हणजे चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. स्विफ्ट, डिझायर, बलेनो, आय२०, होंडा सिटी या ४×१०० च्या गाड्या. फियाट पुंटो आणि लिनिया ४×९८. फोर्ड फिगो आणि इकोस्पोर्ट ४×१०८. पोलो, व्हेंटो, व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया ५×१००, पण त्याच घराण्यातली नवी ऑक्टाव्हिया ५×११२. क्रेटा, डस्टर, इनोव्हा ५×११४.३, जिम्नी ५×१३९.७ आणि फॉर्च्युनर ६×१३९.७. हे ११४.३ आणि १३९.७ असे तिरपागडे आकडे मुळात साडेचार आणि साडेपाच इंच आहेत.

‘दोन मिलिमीटरने काय होतंय?’

९८ आणि १०० मधला, किंवा ११२ आणि ११४.३ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. पुंटोवर ४×१०० चं चाक लावलं की प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या मध्यापासून १ मिमी सरकलेला असतो. पहिला बोल्ट भोकाच्या तोंडाशी असलेल्या उतारावर नीट बसतो आणि चाक आपल्याकडे ओढून घेतो. मग समोरच्या बोल्टवर ती सगळी २ मिमीची तफावत येते. तो भोकाच्या एकाच कडेला टेकतो, आवळताना वाकतो, आणि पाना ‘घट्ट’ झाल्याचं सांगतो. प्रत्यक्षात तो पकड देत नसून तिरका अडकलेला असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो थोडा वाकतो, थोडा सरळ होतो. असं होत होत तो एकतर सैल होतो किंवा मानेशी तुटतो.

यावर बाजारात दोन ‘उपाय’ सांगितले जातात. कानसीने भोक लांबट करणं हा त्यातला सरळसरळ घातक प्रकार, कारण नट जिथे टेकायचा तो उतारच नष्ट होतो. जुनी भोकं वेल्डिंगने बुजवून नवी पाडणं त्याहून वाईट: अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन आणलेली ताकद नेमकी हबजवळ (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग), सगळ्यात जास्त भार येतो तिथेच, कमी होते. आठ भोकांचं चाक, म्हणजे ४×१०० आणि ४×१०८ दोन्ही कारखान्यातच पाडलेलं, ही वेगळी गोष्ट. ते चालतं.

मोजताना होणारी चूक

चार किंवा सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर म्हणजेच पीसीडी. पाच बोल्टांत समोरासमोर भोक नसतंच, आणि इथेच अंदाजपंचे मोजमाप होतं. शेजारच्या दोन स्टडमधलं (हबमधून बाहेर आलेले, नट बसवायचे आटेदार दांडे) मध्य ते मध्य अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. ५८.८ मिमी आलं तर ५×१००, ६३.५ ला ५×१०८, ६५.८ ला ५×११२ आणि ६७.२ ला ५×११४.३. शेवटच्या दोघांत जेमतेम दीड मिलिमीटर फरक आहे, म्हणून शिंप्याची टेप इथे कामाची नाही, मिलिमीटरचेही भाग मोजणारा व्हर्निअरच लागेल. मध्य शोधत बसू नका. एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की तेच अंतर मिळतं.

त्याआधी चाकाची मागची बाजू बघा. बहुतेक चाकांवर पीसीडी, ‘१५×६ जे’ असं माप (१५ इंच व्यास, ६ इंच रुंदी) आणि ‘ईटी ४५’ असा ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिमीत) ओतलेला किंवा ठोकलेला असतो.

परदेशी वेबसाइटवरच्या तक्त्यांवर विसंबू नका. २०१० साली युरोपात आलेली स्विफ्ट ५×११४.३ होती, आपल्याकडे २०११ ला आलेली त्याच पिढीची स्विफ्ट ४×१००. नाव एक, चाकं दोन. परदेशातून चाकं मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पीसीडी जुळला, पण मधलं भोक?

स्विफ्ट आणि आय२० चा हब ५४.१ मिमीचा, सिटीचा ५६.१. स्विफ्टचं मूळ चाक सिटीवर चढणारच नाही. सिटीचं चाक स्विफ्टवर चढेल, पण २ मिमी ढिलं. बाहेरून घेतलेल्या अलॉयला तर अनेकदा ७३.१ चं मोठं भोक असतं, म्हणजे एकच चाक बऱ्याच गाड्यांना विकता येतं. ही पोकळी भरायला हब रिंग लागते: बाहेरून ७३.१, आतून ५४.१. चार रिंगांचा खर्च किरकोळ, तरी दुकानदार त्या आपणहून क्वचितच देतो.

रिंग नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात राहतं. मग ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं. लोक दोनदा-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि फरक पडत नाही, कारण मशीनवर चाक स्वतंत्रपणे मध्यात धरलेलं असतं. दोष गाडीवर बसवण्यात आहे. घाटात सतत ब्रेक लागणाऱ्या गाडीला प्लास्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची रिंग बरी. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र ती हबला चिकटून बसते, म्हणून बसवताना ग्रीसचा पातळ हात द्यावा. हे ग्रीस रिंगलाच, नट-बोल्टच्या आट्यांना लावायचं नाही. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या त्याच जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो.

नट सारखे दिसतात, सारखे नसतात

स्विफ्टचा स्टड एम१२×१.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर; आय२० आणि सिटीचा एम१२×१.५. एकाचा नट दुसऱ्यावर एखाद-दोन फेरे जातो आणि अडतो. अशा वेळी एअर गन लावली की आटे गेलेच. नियम साधा: नट निम्म्याच्या पुढे हातानेच फिरला पाहिजे. एकूण पकड किमान स्टडच्या व्यासाइतकी हवी, म्हणजे १.५ च्या आट्याला आठ आणि १.२५ ला दहा पूर्ण फेरे.

टेकणारा आकारही बघा. होंडाचे मूळ नट आणि पोलोचे बोल्ट गोलाकार बसणीचे असतात, बाजारातली बहुतेक अलॉय ६० अंशांच्या शंकूची. टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयना सपाट वॉशरचे नट. गोल नट शंकूत बसवला तर तो फक्त एका बारीक रेघेवर टेकतो आणि सैल होत राहतो. बोल्टवाल्या गाडीत लांबीही महत्त्वाची: आखूड बोल्ट पकड देत नाही, फार लांब बोल्ट मागच्या ड्रममध्ये ब्रेकच्या भागांना घासतो.

स्टेपनी स्टीलचीच राहणार असेल तर जुने नट-बोल्ट डिकीत ठेवा. पंक्चर झाल्यावर रात्री हायवेवर अलॉयचे नट तिला बसत नाहीत, हे कळायची ती वेळ नव्हे.

ऑफसेटचं गणित

६ जे, ईटी ४५ वरून ७ जे, ईटी ३५ ला गेलात तर बाहेरची कड १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिमी बाहेर येते. आतली कड २.७ मिमी आत सरकते. रिकाम्या गाडीला काही होत नाही. पाच माणसं आणि सामान भरून खड्ड्यात गेलात की टायर फेंडरच्या कडेला घासतो, आणि बेअरिंगवर कायमचा जादा ताण राहतो. मूळ ऑफसेटच्या आसपास ५ मिमीत राहणं बरं.

बसवताना

पैसे देण्याआधी एक चाक टायरविना पुढे लावून हाताने फिरवा, ब्रेकच्या कॅलिपरला घासतं का ते बघा. टायर चढवलेलं चाक दुकानदार परत घेत नाही. नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने आवळा, शेवट टॉर्क पान्याने. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. एम१२ ला तो साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर असतो, पोलोच्या एम१४ बोल्टला १२०. १०० किमीनंतर पुन्हा तपासा. तेव्हा एखादाच नट सैल मिळाला तर तो नुसता आवळून पुढे जाऊ नका. काढून त्याची बसण बघा: उताराच्या एकाच बाजूला चकाकी आली असेल तर पीसीडी पुन्हा मोजायला घ्या.