शहरी पुराचं भाकीत: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

भूगोल, सिव्हिल किंवा पर्यावरण शिकलेली मुलं हमखास विचारतात, ‘पूरधोक्यावर काम करायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ सॉफ्टवेअरची फारशी चिंता करू नका. नकाशांसाठी क्यूजीआयएस, पावसाळी गटारांच्या जाळ्यासाठी स्वॉम (SWMM), नदी-नाल्यांसाठी हेक-रास. तिन्ही फुकट मिळतात आणि वापरता वापरता अंगवळणी पडतात. गाडं अडतं ते दुसरीकडेच. भविष्यातल्या शहरात जमीनही बदललेली असते आणि पाऊसही. दोन्ही एकदम मॉडेलमध्ये घातले की पूर वाढलेला दिसतो, पण तो कोणामुळे वाढला हे सांगता येत नाही. आणि ज्याला हा अहवाल वापरायचा आहे त्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या नवख्यांना मी आधी संगणक बंद करून कर्व्ह नंबरची आकडेमोड करायला लावतो. पद्धत जुनी आणि ढोबळ आहे. माती आणि भूवापर पाहून जमिनीला शंभरपर्यंतचा एक अंक द्यायचा. अंक जितका मोठा तितकं पाणी कमी मुरतं. समजा, गवताळ मोकळ्या जमिनीचा अंक ७० आहे आणि तिच्यावर दाट बांधकाम झाल्यावर तो ९० झाला. १०० मिमी पाऊस पडला तर पहिल्या जमिनीवरून सुमारे ३३ मिमी पाणी वाहून जातं, दुसरीवरून ७३ मिमी. म्हणजे दुपटीहून जास्त. आता ३०० मिमी पाऊस घ्या: पहिलीवरून २००, दुसरीवरून २६९. फरक जेमतेम एक तृतीयांश उरला.

या चार आकड्यांत निम्मा विषय आला. मध्यम पावसात पाणी तुंबतं त्यात बांधकामाचा वाटा मोठा असतो. पाऊस अतिवृष्टीकडे झुकला की मोकळी जमीनही पाण्याने भरून जाते आणि मग पावसाचंच राज्य. अर्थात हा हिशेब फक्त किती पाणी वाहिलं एवढाच सांगतो. काँक्रीट आणि गटारांमुळे तेच पाणी नाल्यात फार लवकर पोचतं, त्यामुळे पुराची कमाल पातळी चढते ती वेगळीच.

भूवापराचं भाकीत करताना बहुतेक जण उपग्रहचित्रांपासून सुरुवात करतात. लँडसॅट मालिका १९७२ पासूनची आहे, सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची चित्रं २०१५ पासून मिळतात. नेहमीची रीत म्हणजे मार्कोव्ह साखळी आणि सेल्युलर ऑटोमाटा या दोन गणिती पद्धतींची जोडी: पहिली सांगते किती शेतजमीन बांधकामाखाली जाईल, दुसरी सांगते कुठे. २००० आणि २०१० च्या नकाशांवरून २०२० चा नकाशा बनवायचा आणि खऱ्या २०२० शी ताडून पाहायचा. इथे एक सापळा आहे. अचूकता ९० टक्के आली म्हणून हुरळून जाऊ नका. शहरातली बहुतांश जमीन दहा वर्षांत बदलतच नाही, त्यामुळे ‘काहीही बदललं नाही’ असं म्हणणारा नकाशासुद्धा भरपूर गुण मिळवतो. तुमचं मॉडेल त्या आळशी नकाशाला हरवतं का, हे आधी तपासा. कित्येकदा हरवत नाही. शिवाय नवा बाह्यवळण रस्ता कुठून जाणार हे जुन्या चित्रांत नसतं. त्यासाठी विकास आराखडा वाचावा लागतो, आणि तो पाळला जाईलच असं धरून चालता येत नाही.

पावसाची बाजू जास्त निसरडी. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. जोरदार सरींच्या अंदाजाचा पाया हाच. पण जागतिक हवामान मॉडेलचा एकेक चौकोन सहसा १०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि सहज हाती लागणारे आकडे दिवसाचे असतात. शहरातल्या छोट्या नाल्याला पूर येतो तासाभरात, कधी त्याहूनही लवकर. दिवसभराचा पाऊस चोवीस तासांत सारखा वाटून मॉडेलला दिला की पूर येतच नाही. म्हणून तासाचे, जमल्यास पंधरा मिनिटांचे मोजमापाचे आकडे मिळवणं हे अर्धं काम समजा. एकाच हवामान मॉडेलवर विसंबू नका. अनेकांचे निकाल घ्या, त्यांच्या नेहमी एकाच बाजूला झुकणाऱ्या चुका मोजमापाशी ताडून दुरुस्त करा आणि उत्तर एका आकड्यात न देता पल्ल्यात द्या.

‘शंभर वर्षांचा पूर’ हेही लोकांना नीट सांगायला शिका. तो म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. तो ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, आणि तीही पाऊस बदलणार नाही असं गृहीत धरून.

उंचीचा नकाशा हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेल्या एसआरटीएमच्या उंचीत झाडांचे शेंडे आणि छपरं मिसळलेली असतात, चूक काही मीटरची असू शकते. आपण बोलत असतो गुडघाभर पाण्याबद्दल! लायडारची, म्हणजे लेसरने मोजलेली, उंची मिळत असेल तर ती मागा, आणि नाल्याकाठाने एकदा तरी चाला. रस्त्याखालची बुजलेली मोरी, नाल्यात आलेली संरक्षक भिंत, गटारात साचलेला गाळ यातलं काही उपग्रहातून दिसत नाही. घरांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजा, कोणत्या पावसाच्या आहेत ते रहिवाशांना विचारा. दाट वस्तीत इमारतींमुळे उपग्रहांवरच्या रडारने टिपलेली पूरचित्रं फसतात, तिथे या खुणांसारखा दुसरा पुरावा नाही.

पहिला प्रकल्प छोटा घ्या: एकच पाणलोट, चार चाचण्या. आजची जमीन आणि आजचा पाऊस; उद्याची जमीन, आजचा पाऊस; आजची जमीन, उद्याचा पाऊस; मग दोन्ही उद्याचे. मधल्या दोन वाढींची बेरीज शेवटच्या वाढीइतकी सहसा येत नाही. ती का येत नाही, यावर दोन पानं लिहिता आली तर मुलाखतीत दाखवायला तेवढं पुरे.

नोकऱ्या सल्लागार कंपन्यांत, नगरनियोजन आणि जलनिस्सारण विभागांत, विमा क्षेत्रात आणि संशोधन संस्थांत असतात. गटार आखणाऱ्याला कमाल प्रवाह हवा असतो, विमावाल्याला इमारतीपाशी पाणी किती चढेल ते, आणि नियोजनकाराला कोणत्या भूखंडावर बांधू द्यायचं नाही ते. अर्ज करण्याआधी यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रकल्पातून निघतं ते पाहून घ्या.