डिफेन्स पॉलिसीवर डिझर्टेशन करताय? मग गोव्यातून असं सुरू करा

ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा युनिव्हर्सिटीत बसून डिफेन्सवर काय कप्पाळ रिसर्च होणार असं बरेच जण म्हणतात, पण खरं तर निम्मं मटेरियल ओपनच असतं. आधी टॉपिक बारीक करा, 'भारताची सागरी सुरक्षा' वगैरे घेतलात तर गाईड उभंही करणार नाही. मग बजेट उघडा. 2025-26 ला डिफेन्सला 6.81 लाख कोटी होते, त्यातले साधारण 1.60 लाख कोटी नुसते पेन्शनचे आणि नवीन खरेदीबिरेदीचं कॅपिटल 1.80 लाख कोटी, हे दोन आकडे शेजारी लिहिले की प्रश्न आपोआप सुचतो. त्यानंतर संसदेच्या संरक्षण स्थायी समितीचे रिपोर्ट आणि कॅगचे, कंटाळवाणे आहेत पण सोनं तिथंच आहे. 1961 च्या गोवा मुक्तीचं काही हवं असेल तर पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर चाळा. वास्कोकडे रिटायर्ड नेव्हीवाले भेटतात, सर म्हणून बोला, रेकॉर्डिंग आधी विचारा, आणि गुपितं काढायला जाऊ नका बाबा, निर्णय कसे होतात तेवढंच विचारा. आरटीआय टाकणार असाल तर कलम 8(1)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती नाकारायचं कलम, आधी वाचून टाका, नाहीतर नकार ठरलेला. दाबोळीला नेव्हीचा विमानतळ आहे, तिथं फोटोबिटो अजिबात नको.