धूर फवारूनही डेंग्यू का थांबत नाही? गृहनिर्माण संस्थांनी या चुका टाळाव्यात

पावसाळ्यात इमारतीत डेंग्यूचा पहिला रुग्ण आढळला की सचिवांकडे सर्वांत आधी मागणी होते ती धूर फवारणीची. महापालिकेचे कर्मचारी यंत्र घेऊन येतात, आवारात दाट पांढरा धूर पसरतो, रहिवासी खिडक्या लावून घेतात आणि अर्ध्या तासात सर्वांना हायसे वाटते. पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीत आणखी दोघे तापाने फणफणतात. यात फवारणी करणाऱ्यांचा दोष नाही. जे काम धुराच्या हातून होणारच नाही, त्याची धुराकडून अपेक्षा धरणे ही खरी चूक आहे.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही विषाणू आपल्याकडे मुख्यतः एडिस इजिप्ती जातीचा डास पसरवतो. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी, चावतो. एरवी तो घरातच पलंगाखाली, पडद्यामागे किंवा खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत बसून असतो. आवारातला धूर तिथवर पोहोचत नाही आणि ज्या डासाच्या अंगाला तो लागतो तेवढाच मरतो. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना (अळी आणि डास यांच्या मधली अवस्था) त्याने काहीही होत नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी नवे डास बाहेर पडू लागतात. रुग्ण आढळल्यावर त्याच्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी करणे उपयोगी ठरते. मात्र त्यासाठी दार उघडावे लागते आणि नेमके तिथेच अनेक रहिवासी नकार देतात.

गटाराच्या कडेने पांढऱ्या पावडरची रेघ ओढून समाधान मानणे हाही असाच प्रकार आहे. गटारात वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स हा वेगळ्या प्रकारचा डास. एडिसला साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते आणि तेही फार नको असते. बाटलीच्या झाकणात साचलेले पाणीसुद्धा त्याला पुरते.

कोरडा दिवस पाळला, पण भांडे घासले नाही

आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मर्यादा. तरीही उपयोग होत नाही, कारण पिंप उपडे केले जाते, पण आतून घासले जात नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. काळ्या मोहरीच्या बारीक कणांसारखी दिसणारी ही अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पाणी ओतल्यावर काथ्याने किंवा ताठ ब्रशने भिंत रगडणे, विशेषतः पाण्याची रेषा जिथे उमटलेली असते तिथे, हाच कोरड्या दिवसाचा गाभा आहे. ज्या भागांत पाणी एक दिवसाआड येते तिथे पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा घरांनी निदान झाकण घट्ट बसते की नाही ते पाहावे आणि फट असल्यास तोंडाला जाड सुती कापड बांधावे.

पाहणी करताना नजरेतून सुटणाऱ्या जागा

समितीची पाहणी बहुधा तळमजल्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, पाण्यात लावलेला मनी प्लांट आणि कूलर या घरातल्या जागा तरी माहितीच्या आहेत. सामाईक जागांकडे मात्र कोणी फिरकत नाही. गच्चीवरच्या टाकीचे झाकण तुटलेले असते, ओव्हरफ्लोच्या पाईपला जाळी नसते, गळती रोखण्यासाठी घातलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत पाणी साचते, पाण्याच्या मीटरची चेंबरे भरलेली असतात, आणि लिफ्टच्या खड्ड्यात झिरपलेले पाणी पावसाळाभर तसेच उभे राहते. बंद सदनिकांचे छज्जे आणि न वापरलेली शौचालये यांचाही यादीत समावेश असावा. सदनिका भाड्याने द्यायची म्हणून वर्षभर कुलूपबंद ठेवणाऱ्या मालकाकडून किल्ली मागून घेणे हे समितीचे कर्तव्य आहे. शेजाऱ्यांच्या आरोग्यापुढे इथे संकोच करू नये, असे मला ठामपणे वाटते.

पाहण्याची रीतही महत्त्वाची आहे. पाण्यावर सावली पडताच अळ्या झटक्यात तळाशी जातात आणि वरून डोकावणाऱ्याला पाणी स्वच्छ वाटते. म्हणून विजेरीचा प्रकाश तिरका टाकून मिनिटभर स्थिर थांबावे, किंवा पांढऱ्या वाडग्यात थोडे पाणी घेऊन पाहावे. वळवळत वर येणारी अळी आणि स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष त्यात सहज दिसतो. कोष दिसले तर पुढचा आठवडा नव्हे, तर पुढचे एक-दोन दिवसच हाताशी आहेत, असे समजावे.

जे पाणी ओतता येत नाही त्यावर आरोग्य विभागाकडून अळीनाशक टाकून घ्यावे. स्वतः अंदाजाने औषध ओतू नये. शोभेच्या हौदात गप्पी मासे चांगले काम करतात, पण ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण तिथल्या देशी माशांना त्यांचा उपद्रव होतो. इमारतीचा पुनर्विकास किंवा शेजारी बांधकाम चालू असेल, तर स्लॅबवर भिजवणीसाठी अडवलेले पाणी आणि मजुरांची पिंपे दर आठवड्याला पाहण्याची जबाबदारी कंत्राटदाराकडून लेखी घ्यावी.

रुग्णाला मच्छरदाणी न देणे

तापाच्या पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या काळात त्याला चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी इतरांना संसर्ग देऊ लागतो आणि जिवंत असेपर्यंत देत राहतो. एका घरातला ताप सबंध विंगमध्ये पसरतो तो याच वाटेने. म्हणून रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये; आणि ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे मानू नये. ताप उतरतानाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा असाधारण मरगळ दिसली, तर रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.

आजार केव्हा गेला असे समजायचे, यातही घाई होते. बार्शीला १९७३ साली चिकुनगुनियाची साथ आली, त्यानंतर हा रोग देशातून जणू नाहीसा झाला आणि २००६ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर उसळला. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात आढळला आणि २०२४ मध्ये झिका पुणे शहरातही सापडला. गर्भातील बाळाच्या मेंदूवर परिणाम करू शकणारा हा विषाणू असल्यामुळे ज्या इमारतींत गर्भवती महिला आहेत तिथे पाऊस संपला म्हणून पाहणी थांबवणे विशेष घातक ठरते. पाऊस ओसरल्यावरही काही आठवडे रुग्ण वाढतच असतात, त्यामुळे निदान नोव्हेंबरअखेरपर्यंत आठवड्याची फेरी चालू ठेवावी.

हे सारे करूनही रुग्ण निघतच असतील, तर इमारतीच्या आराखड्यावर प्रत्येक रुग्णाचे घर आणि ताप सुरू झाल्याची तारीख नोंदवावी. एडिस सहसा फार लांब उडत नाही, त्यामुळे खुणा एकाच विंगेत दाटलेल्या दिसल्या तर उत्पत्तिस्थान तिच्याच डक्टमध्ये, छज्जांवर किंवा गच्चीवर शोधावे. खुणा विखुरलेल्या असल्या आणि बहुतेक रुग्ण एकाच शाळेतले किंवा एकाच कार्यालयातले असले, तर डास तिथे चावत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी त्या संस्थेला आणि प्रभागाच्या आरोग्य कार्यालयाला लेखी कळवून तिथल्या टाक्या, कूलर आणि अडगळीची तपासणी करवून घ्यावी.