जादूच्या जंगलांची तुलना करताना काय पाहायचं

‘गूढ’, ‘भयाण’, ‘रम्य’ हे शब्द आधी बाजूला ठेवा. परीकथेतलं जवळपास प्रत्येक जंगल गूढच असतं. त्या शब्दाने दोन जंगलांतला फरक दिसत नाही. आत शिरलेल्या माणसाला जंगल काय करतं, यावरून तो दिसतो.

जोडी निवडताना दोन्हीकडे काहीतरी समान हवं. सरावाला एकाच कथेची दोन रूपं उत्तम. झोपी गेलेल्या राजकन्येची कथा फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापली, जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये. पेरोकडे पाव तासात वाड्याभोवती रान माजतं आणि शंभर वर्षांनी राजपुत्र आला की आपणहून वाट देतं. ग्रिमकडे मुदतीआधी आलेले राजपुत्र काट्यांत अडकून तडफडून मरतात. मुदत भरली की त्याच काट्यांची फुलं होतात. पेरोचं रान राजकन्येची राखण करतं. ग्रिमचं कुणाच्याच बाजूचं नाही, त्याला फक्त मुदत कळते.

आता पद्धत. प्रत्येक पुस्तकातून तीन उतारे घ्या: शिरतानाचा, ऐन मधला आणि बाहेर पडतानाचा. प्रत्येकी तीनशे-चारशे शब्द पुरतात. पहिल्या वाचनात ज्या क्रियापदांचा कर्ता झाड, पाणी, उजेड किंवा वाट आहे, तेवढ्यांखाली रेघ ओढा. दुसऱ्या वाचनात पात्राला काय ऐकू येतं, काय दिसत नाही, वेळेचा हिशेब कुठे चुकतो, हे वेगळ्या रंगाने खुणावा. विशेषणं शेवटी पाहा. बहुतेकदा त्यांची गरजच उरत नाही.

‘विस्मरण’ हा धागा धरून तीन जंगलं शेजारी ठेवली की पद्धतीचा उपयोग कळतो. लुइस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मधल्या (१८७१) रानात ॲलिस स्वतःचं नाव विसरते. हरणाचं पाडसही आपण कोण हे विसरतं, म्हणून तिचे हात गळ्याभोवती असताना निवांत चालतं. रान संपताच त्याला आठवतं की ही माणसाची पोर आहे, आणि ते पळून जातं. म्हणजे इथे विसरण्याने भीती गेली होती. खिन्नता येते ती आठवण परतल्यावर. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मधल्या (१९३७) मर्कवुड या जंगलात बॉम्बर हा बुटका काळ्या ओढ्यात पडतो, कित्येक दिवस झोपतो आणि जागा होतो तेव्हा अख्खा प्रवास विसरलेला असतो. पण तोवर त्याचं धूड उपाशी सोबत्यांनी वाहिलेलं असतं, त्यामुळे हे विस्मरण वाचताना खांदे दुखतात. सी. एस. लुइसच्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मधलं (१९५५) जगांच्या मधलं वन सर्वांत शांत आहे: वारा नाही, पक्षी नाहीत, झाडं वाढताना जाणवावीत इतकी निश्चलता. तिथे डिगरी या मुलाला आपण कुठून आलो हेच आठवत नाही आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नाही. तिघांत धोकादायक हेच, कारण इथून निघावंसं वाटत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो एकाच उताऱ्यावर निकाल देण्याने. मर्कवुडमध्ये ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो झाडाच्या शेंड्यावर चढतो. ऊन, वारा, फुलपाखरं. फक्त एवढंच वाचलं तर जंगल प्रसन्न वाटेल. प्रत्यक्षात ते झाड दरीच्या तळाजवळ असल्याने त्याला जंगलाचा शेवट दिसत नाही, आणि तो खाली येतो तो सगळ्यांचं अवसान घालवणारी बातमी घेऊन.

आवृत्तीही तपासा. हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना रानात सोडायला लावणारी बाई ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत सख्खी आई आहे, नंतर सावत्र झाली. सख्ख्या आईच्या कथेत घर रानाइतकंच भयंकर ठरतं. संक्षिप्त बालआवृत्त्या तर या कामासाठी वापरूच नयेत, त्यांत वर्णनच छाटलेलं असतं. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातल्या अथेन्सजवळच्या रानाचं वर्णन करायला निवेदक नाही; तिथे पात्रांच्या तोंडचे उल्लेख, विशेषतः चंद्राचे, वेचावे लागतात. कादंबरीशी त्याची तुलना करताना ही तफावत आधीच नमूद करा.

लिहायला बसल्यावर प्रत्येक जंगलासाठी एक वाक्य करा, ज्याचा कर्ता जंगल असेल. मग दोन्ही वाक्यांतली जंगलांची नावं अदलाबदल करून पाहा. वाक्यं तरीही खरी वाटली, तर पुन्हा मधल्या उताऱ्याकडे जा.