या चुका टाळा: घटस्फोटात पैशाची बोलणी कोर्टाबाहेर करताना

परस्पर संमतीच्या घटस्फोटात कोर्टापुढे दोनदा जावं लागतं: अर्ज करताना फर्स्ट मोशन, मग शेवटची सेकंड मोशन. अशाच एका जोडप्याच्या सेकंड मोशनची तारीख होती, त्यांच्या बोलणीत मी मध्यस्थ होते. दोघंही वेळेवर आले होते, वाद काही उरला नव्हता, अटी आधीच ठरलेल्या. नवऱ्यानं पाकिटातून डिमांड ड्राफ्ट काढून माझ्यासमोर ठेवला आणि मी आधी त्यावरची तारीख बघितली. फर्स्ट मोशनच्या आठवड्यात काढलेला, सात महिन्यांपूर्वीचा ड्राफ्ट. १ एप्रिल २०१२ पासून चेक काय नि ड्राफ्ट काय, तीन महिनेच चालतो. बँकेतून नवा करून आणेपर्यंत कोर्टाची वेळ संपली आणि पुढची तारीख पडली. मधल्या दिवसांत दोन्हीकडचे काका-मामा बोलायला बसले आणि मिटलेला आकडा पुन्हा उघडा पडला.

पैशाचं कोर्टाबाहेर बसून मिटवावं, याच मताची मी आहे. पोटगीचा दावा वर्षानुवर्षं चालला की दोघंही झिजतात, आणि मुलं ते बघत असतात. पण मिटलेलं प्रकरण पुन्हा उसवतं ते बहुतेक वेळा त्याच त्या चुकांमुळे, आणि त्या आधी टाळता येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कागद न बघता आकडा ठरवणं. "पंधरा लाख देतो, विषय संपव," असं म्हटलं की थकलेलं माणूस हो म्हणून मोकळं होतं. पंधरा लाख कशातले, हे कुणी विचारत नाही. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या दाव्यांसाठी दोन्ही बाजूंनी मत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचा नमुना घालून दिला. संमतीच्या अर्जात तो भरायला कुणी सांगेलच असं नाही. तरी पहिल्या बैठकीआधी दोघांनी तो भरून एकमेकांना द्यावा, असा माझा आग्रह असतो. नमुना समोर असला की विसरलेल्या गोष्टी आठवतात. मागच्या तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स आणि एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची वर्षभरातल्या व्यवहारांची यादी, मागा. व्याज, डिव्हिडंड, शेअर्सची विक्री, असं पगाराच्या स्लिपवर न दिसणारं बरंच काही त्यात दिसतं. पीएफचं पासबुक, डिमॅटचं स्टेटमेंट, पतसंस्थेतल्या ठेवी, भिशी, सोन्यावर काढलेलं कर्ज हेही विचारा. गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन बघता येतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

देणीही तेवढीच महत्त्वाची. सासरच्यांकडून घेतलेले हातउसने, क्रेडिट कार्ड, भावाच्या कर्जाला राहिलेला जामीन, हे लपवून ठेवलेलं पुढे हमखास वर येतं. समोरचा माणूस कागद द्यायलाच तयार नसेल तर बोलणी तिथेच थांबवा. पोटगीचा अर्ज केला की शपथपत्र द्यावंच लागतं, आणि खोटं शपथपत्र दिलं तर त्याची कारवाई वेगळी. हे शांतपणे सांगितलं तरी बरेचदा फाइल घरी सापडते.

अर्धं माझंच, हा गैरसमज. हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतरच्या मिळकतीचे आपोआप दोन भाग होत नाहीत. गोव्यात समान नागरी कायद्यामुळे चित्र वेगळं आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती साधारणपणे दोघांची सामाईक धरतात. महाराष्ट्रातल्या बाईनं गोव्यातल्या मैत्रिणीचा हिशोब स्वतःला लावू नये. स्त्रीधन मात्र तिचंच, ते पोटगीच्या रकमेत धरू नका. पाटल्या, ठुशी, बांगड्या यांची वजनासकट यादी करा, लॉकर दोघांनी मिळून उघडा आणि मिळाल्याची सही घ्या.

फ्लॅट. इथे सर्वाधिक माणसं फसतात. "फ्लॅट पत्नीकडे राहील, हप्ते पती भरेल," एवढं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या संमतीच्या अटींच्या कागदात, लिहून समाधान मानतात. बँक त्या कराराची पक्षकार नसते. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर नवऱ्यानं हप्ता चुकवल्यावर नोटीस तिलाही येते आणि सिबिल स्कोअर दोघांचाही बिघडतो. त्यामुळे कर्ज फेडून टाकणं किंवा बँकेच्या लेखी संमतीनं एकाच्या नावावर करून घेणं, यापैकी एक हुकूमनाम्याआधी, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाआधी, व्हायला हवं.

नाव बदलण्याचंही तसंच. राहतं घर पती-पत्नीनं एकमेकांना बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोट झाला की दोघं पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलतही जाते. पुष्कळजण इथे हक्कसोडपत्र करायला जातात, पण नाममात्र शुल्काचं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मालमत्तेला. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटला खरेदीखताच्या दरानं शुल्क पडतं. बक्षीसपत्रात मोबदल्याचा उल्लेख चालत नाही, म्हणून कन्सेंट टर्म्स आणि बक्षीसपत्र यांची भाषा एकमेकांना छेद देत नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्या.

सगळे पैसे एकदम देणं, किंवा सगळे शेवटी घेणं. हुकूमनामा होईपर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून हप्ते पाडा: काही रक्कम फर्स्ट मोशनला, उरलेली सेकंड मोशनच्या दिवशी न्यायाधीशांसमोर. दोन मोशनमधले सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून. पण ते गृहीत धरून ड्राफ्ट आधी काढू नका. कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, चुकल्यास व्याज किती, हे लिहा. "सवडीनुसार देईल" या शब्दांची वसुली करता येत नाही.

एकरकमी पोटगी साधारणपणे करपात्र नसते, दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते. महिना २५ हजार ठरवताना हातात किती उरतील ते बघा. मुलांच्या खर्चाचा आकडा बायकोच्या पोटगीत मिसळू नका. "यापुढे काहीही मागणार नाही" असं आईनं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्यानं संपत नाही. शाळेची फी दरवर्षी वाढते, तिची वाढही त्या कलमात लिहा.

हुकूमनामा हातात आला की प्रमाणित प्रतींसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा. दोन-तीन जास्तीच्या घ्या, सोसायटी आणि बँक स्वतंत्र प्रत मागतात. मग नॉमिनेशन बघा. पीएफ, एलआयसी, बँक खातं, म्युच्युअल फंड, प्रत्येक ठिकाणी जुनं नाव तुम्ही बदलेपर्यंत तसंच असतं. फक्त मॅरिड वुमन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली पत्नीच्या नावानं काढलेली पॉलिसी निराळी. तिची रक्कम तिच्यासाठी विश्वस्त म्हणून राखलेली असते, नवऱ्याला ती परस्पर फिरवता येत नाही. अशी पॉलिसी असेल तर तिचा नंबर कन्सेंट टर्म्समध्येच घालून ठेवा.